जहाजाला ब्रेक नसतो

हर्सूलपासून सगळ्यात जवळचा समुद्र तीनशे-साडेतीनशे किलोमीटर लांब आहे. त्यामुळे जहाजांविषयी बोलायला हर्सुलात कुणालाच अडचण येत नाही.

मुंजाबाचा सोनाजी ‘ब्लू ऑर्किड’ नावाच्या पर्यटकांच्या जहाजावरून अचानक घरी आला, तेव्हा गल्लीनं आठ दिवसांत त्याला जहाज कसं चालवतात ते समजावून सांगितलं. सोनाजी सात वर्षं खलाशी होता हे खरं. पण अपघाताचा व्हिडिओ गल्लीत सगळ्यांनी पाहिला होता आणि सोनाजीनं पाहिला नव्हता. तो त्या वेळी जहाजावर होता.

व्हिडिओ चाळीस सेकंदांचा. भूमध्य समुद्रातलं एक बंदर, सकाळचं ऊन, आणि चौदा मजल्यांचं पांढरंशुभ्र जहाज जेटीकडे सावकाश सरकत येतंय. भोंगा वाजतो. माणसं पळतात. जहाज जेटीचा कोपरा खरवडून काढतं, कडेला बांधलेली एक फेरीची बोट काड्यापेटीसारखी दाबून टाकतं आणि मग, काही झालंच नाही अशा थाटात, थांबतं. नऊ जण जखमी झाले. जेटीवर दोर घ्यायला उभा असलेला एक माणूस कोसळलेल्या कठड्याखाली सापडला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

किराणावाल्या सांडूनं हा व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला होता की तो गिऱ्हाइकाला साखर मोजताना तोंडी सांगू शकायचा. “भोंगा वाजला की लगोलग तू नांगर सोडला, तेवढं बेस केलं,” तो सोनाजीला म्हणाला. “पण मला सांग, एवढं हळू येत व्हतं, तर ब्रेक का नाय दाबला?”

“जहाजाला ब्रेक नसतो,” सोनाजी म्हणाला.

दुकानात आणखी चार माणसं उभी होती. एवढी मोठी गोष्ट, तीन हजार माणसं पोटात घेऊन फिरती, आणि ब्रेक नाही, हे सरकारला माहीत आहे का, असं त्यातल्या एकानं विचारलं. सोनाजीनं समजावून सांगितलं. जहाज थांबवायचं म्हणजे इंजिन उलटं फिरवायचं, मग पाण्याखालचा पंखा जहाजाला मागं ओढतो. इंजिन उलटं फिरलं नाही तर उरतो नांगर, आणि त्याच्यानंतर देव. म्हणून कन्नडचा घाट उतरायच्या आधी एसटीचा ड्रायव्हर वरच ब्रेक दाबून बघतो, तसं बंदरात शिरायच्या आधी मोकळ्या समुद्रात इंजिन एकदा उलटं फिरवून बघायचं असतं. तो नियम आहे. त्याची वही असते.

त्या सकाळी इंजिन उलटं फिरलंच नाही. नांगर सोड असा हुकूम आला, तेव्हा जेटी इतकी जवळ होती की दोर घेणाऱ्या माणसाच्या टोपीवरची अक्षरं सोनाजीला वाचता येत होती. त्यानं नांगर सोडला. तेवढ्या अंतरात नांगर म्हणजे उधळलेल्या रेड्याच्या गळ्यातलं लोढणं. रेड्याला त्याचा त्रास होतो, पण तो थांबत नाही.

दहाव्या दिवशी तात्यासाहेबांचा फोन आला.

तात्यासाहेबांचं ऑफिस क्रांती चौकात, कपड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. जिथं विहिरीला पाणी लागताना मारामार, तिथल्या पोरांना जहाजावर पाठवणं हा त्यांचा धंदा. भिंतीवर लाकडी सुकाणू टांगलेलं होतं आणि टेबलाजवळ काचेच्या टाकीत एकच केशरी मासा फिरत होता. सोनाजीला सात वर्षांपूर्वी समुद्रावर त्यांनीच पाठवलं होतं, आणि तात्यासाहेब ते विसरू देणाऱ्यातले नव्हते.

त्यांनी चहा मागवला आणि दोन कागद पुढं सरकवले. पहिला कागद म्हणजे सोनाजीचा जबाब. तो सोनाजीनं अजून दिलेला नव्हता, पण कंपनीनं त्याचा वेळ वाचवला होता. त्यात लिहिलं होतं की कप्तानानं धोक्याचा भोंगा दिला आणि त्याच क्षणी नांगर सोडण्याचा हुकूम केला. मात्र नांगराचे बंध आपण आधी काढून ठेवले नसल्यामुळे नांगर पडायला तीन मिनिटं उशीर झाला. याबद्दल आपल्याला खेद आहे. दुसरा कागद जहाजाच्या वहीच्या पानाची नक्कल होती. बंदरात शिरण्यापूर्वी इंजिन उलटं फिरवून पाहिलं, वेळ पाच चाळीस, निकाल समाधानकारक.

“कंपनी तुझ्यावर केस करत नाही, सोनाजी,” तात्यासाहेब म्हणाले. “ती फक्त तुझी चूक समजून घेते. सही कर. एक महिन्याचा कोर्स करायचा, सर्टिफिकेट, की दुसरं जहाज. माझी जबान आहे.”

“आन् नाय केली तर?”

तात्यासाहेबांनी माशाला चिमूटभर खाद्य टाकलं. “दर्या दिसतो मोठा,” ते म्हणाले. “पर बहुत छोटा है. सगळ्या कंपन्या एकमेकींना ओळखतात.”

पुढच्या गुरुवारी चौकशी होती. जहाजावर ज्या बेटाचा झेंडा होता, त्या बेटाचं सरकार ती घेणार होतं. त्या बेटावर ते जहाज कधीच गेलेलं नव्हतं, पण कायद्यानं ते त्याचं गाव होतं. साक्ष व्हिडिओ कॉलवर द्यायची होती, किंवा सही केलेला कागद पाठवला की साक्षीची गरज उरत नव्हती. सोनाजीनं दोन्ही कागद घेतले आणि विचार करतो म्हणून सांगितलं. विचार करण्यासारखं त्यात काय आहे, असं तात्यासाहेबांच्या चेहऱ्यावर दिसलं.

घरी त्यानं कागद वाचून दाखवला. मुंजाबा भिंतीला टेकून ऐकत होता. त्यानं जन्मभर मेंढरं राखली होती. कन्नडच्या डोंगरातून गोदावरीपर्यंत आणि परत असं दर साली चालून पाय गेले, तेव्हा कळप विकून तो हर्सुलात पोराच्या दोन खोल्यांत येऊन बसला होता. लिहिता येत नसल्यामुळे कागदावर त्याचा विश्वास नव्हता, आणि आता ऐकून तर तो मुळीच बसला नाही.

सोनाजीची माय राजाबाई ज्वारी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “त्या पाय गेलेल्या मानसाला लेकरं हायत का?”

सोनाजीला माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत गल्लीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि सोनाजीनं तो स्वतःलाही विचारला नव्हता.

“टोपीवर काय लिव्हलं व्हतं ते तुला आठवतं,” राजाबाई म्हणाली आणि पुन्हा ज्वारीत बघू लागली.

त्याच वेळी सोनाजीचं ठरलं. सही करायची नाही. मात्र सही न करणं ही काही साक्ष होत नाही, हेही त्याला कळत होतं. वहीत लिहिलं होतं की इंजिन फिरवून पाहिलं. सोनाजीला माहीत होतं की पाहिलं नाही. पण वही कंपनीची होती, आणि सोनाजीचं फक्त म्हणणं होतं.

असं नुसतं म्हणणं घेऊन हर्सुलात लोक आप्पासाहेबांकडे जात. आप्पासाहेब कोपऱ्यावरच्या बंगल्यात राहत. सरकारच्या पाण्याशी संबंधित एका खात्यातून ते उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. गावाकडे शेती होती, इथं पेन्शन होतं, आणि चौतीस वर्षं धरणाचं पाणी मोजल्यामुळे समुद्राच्या बाबतीतही त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी त्यांच्या नावाचा रबरी शिक्का टेबलाच्या खणात होता आणि पॅडला शाई होती.

त्यांनी जबाबाचा कागद वाचला आणि चष्मा काढून सही करून टाक म्हणून सांगितलं. चौकशी म्हणजे काय असते ते त्यांना ठाऊक होतं. चौकशीला एक माणूस लागतो. तो जितका खालचा, तितकी चौकशी लवकर आटोपते. सोनाजी तरुण आहे, कोर्स करेल, पुन्हा जाईल. यात वाईट काहीच नाही, ही पद्धत आहे.

मग त्यांनी दुसरा कागद हातात घेतला. वहीचं पान. ते त्यांनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि एका शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

“समाधानकारक,” ते म्हणाले.

 आत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

“हा शब्द धरणाच्या गेटपाशी उभा राहून कुणी लिहीत नाही, सोनाजी. गेटपाशी माणूस लिहितो की गेट अर्धा फूट उचललं, आवाज आला, ग्रीस कमी आहे. समाधानकारक हा शब्द खुर्चीत बसून लिहितात. मी एकोणीस वर्षं लिहिलाय.”

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते हर्सुलात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्याकडे एक मध्यम धरण होतं. दर साली पावसाळ्याआधी त्याची दारं उघडून बघायची, असा नियम होता. दारं जड होती, ऊन असायचं, साहेब लोकांच्या बैठका असायच्या. मग आप्पासाहेब मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पंख्याखाली बसून वहीत नोंद करायचे. एका साली दार अडकलं. पाणी मागं तुंबलं आणि काठच्या वस्तीत शिरलं. माणूस गेलं नाही, पण अकरा घरं गेली. चौकशीत निघालं की फकिरा नावाच्या चौकीदारानं दाराला ग्रीस लावलं नव्हतं. फकिरानं अंगठा दिला. अंगठा कुठं द्यायचा ते आप्पासाहेबांनीच दाखवलं होतं.

“कन्नडच्या बाजारात लसूण विकतो आता,” आप्पासाहेब म्हणाले. “मी दिसलो की उठून रामराम घालतो. तेच फार होतं मला.” त्यांनी चष्मा चढवला. “तर आता सांग, इंजिन फिरवलं नाही हे तुला कशावरून कळलं?”

सोनाजीनं खिशातून काळ्या लोकरीची एक दोरी काढली.

दोरीची गोष्ट अशी होती. मुंजाबा संध्याकाळी मेंढरं वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात, सोडताना एकेक मोजायचा, आणि वीस झाली की लोकरीच्या दोरीला एक गाठ मारायचा. एखादं कमी भरलं तर तिथं पांढऱ्या लोकरीचा धागा बांधायचा आणि मेंढरू सापडेपर्यंत तो सोडायचा नाही. कळप विकला त्या दिवशीच्या अकरा गाठी असलेली दोरी त्यानं समुद्रावर निघालेल्या पोराच्या हातात दिली. आशीर्वाद असा काही नव्हता. उरलेली दोरी कोरी आहे, वाया घालवू नको, एवढंच तो म्हणाला होता.

जहाजावर बंदर जवळ आलं की सोनाजीचं काम नाकाडावर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, असायचं. तिथं जाऊन नांगराचे बंध काढायचे आणि नांगर तयार ठेवायचा. त्याच वेळेला खाली इंजिन उलटं फिरवून बघत. पहिल्यांदा फिरवलं तेव्हा सगळं जहाज थरथरलं, नांगराची साखळी खणखण वाजली, आणि सोनाजीनं जहाज बुडालं असं समजून लाइफ जॅकेट अंगात घातलं. खलाशांचा मुकादम पोट धरून हसला आणि त्यानं कारण सांगितलं. तेव्हापासून साखळी वाजली की सोनाजी दोरीला एक गाठ मारायचा. सुरुवातीला धीर यावा म्हणून, मग सवय म्हणून. ज्या सकाळी साखळी वाजली नाही, त्या सकाळी त्यानं बापाच्या रीतीप्रमाणे पांढरा धागा बांधला. जहाज बदललं की आपल्या गाठी सोडून तो दोरी पुन्हा कोरी करायचा.

‘ब्लू ऑर्किड’वर तो एकतीस वेळा बंदरात शिरला होता. बावीस गाठी होत्या, नऊ पांढरे धागे होते. शेवटच्या सहापैकी पाच पांढरे. अगदी शेवटचा पांढरा धागा अपघाताच्या सकाळचा.

“ह्या आधीचे आठ धागे बांधले तेव्हा तू कुणाला बोललास?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“मुकादमाला. एकदा. तो म्हनला वहीत लिव्हलंय, तुझं काम नांगराचं. मंग मी गप बसलो.” सोनाजीनं दोरी मुठीत घेतली. “आता बसनार नाय.”

गुरुवारी दुपारी आप्पासाहेबांच्या बैठकीत लॅपटॉप मांडला गेला. मुंजाबा सोफ्याच्या कडेला, पाहुण्याच्या घरी बसावं तसा बसला. राजाबाई दारात उभी राहिली. पडद्यावर तीन चौकोन उघडले. एकात चौकशी घेणारी, पांढऱ्या केसांची एक बाई, जी स्वतः वीस वर्षं कप्तान होती असं नंतर कळलं. दुसऱ्यात कंपनीचा वकील. तिसऱ्यात सोनाजीला मराठी दुभाषी म्हणून मिळालेल्या पुण्याच्या एक बाई. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की दोनदा सोनाजीनं मूळ इंग्रजीवरूनच अर्थ लावून घेतला.

नाव, गाव झालं. पासपोर्टात एक शहर आणि पत्त्यात दुसरं असं का, हे विचारून झालं. दोन्ही एकच आहेत, शहराचं नाव बदललंय, हे आप्पासाहेबांनी पडद्याबाहेरून सांगायचा प्रयत्न केला आणि त्यांना गप्प राहायला सांगण्यात आलं. मग सोनाजीनं आपलं म्हणणं मांडलं आणि दोरी पडद्यासमोर धरली.

वकिलानं विचारलं की हा दस्तऐवज आहे का. चौकशी घेणाऱ्या बाईनं त्याच्याकडे लक्ष न देता विचारलं की दोरीवर तारखा कुठं आहेत.

तारखा नाहीत, बंदरं आहेत, असं सोनाजी म्हणाला, आणि त्यानं दोरी बोटांमधून सरकवत पहिल्या गाठीपासून एकेक बंदराचं नाव घेतलं. एकतीस. मध्ये कुठंही न थांबता, बाप कळपातली मेंढरं सांगायचा तसं. जिथं पांढरा धागा आला तिथं ‘पांढरा’ म्हणाला. बाई समोरच्या कागदावर खुणा करत होती. शेवटी तिनं मान वर केली आणि क्रम बरोबर असल्याचं सांगितलं.

वकील आता खुशीत दिसला.  त्यानं विचारलं, नांगराचे बंध आवळलेले असतील तर साखळी वाजते का?

सोनाजीनं खरं ते सांगितलं. नाही वाजत. बंध सुटलेले असले तरच वाजते.

“म्हणजे अपघाताच्या सकाळी साखळी वाजली नाही,” वकील म्हणाला, आणि पुण्याच्या बाईंनी ते स्वच्छ मराठीत सांगितलं, “याचं कारण इंजिन फिरलं नाही हे नसून, तुम्ही बंधच काढले नव्हते, हे आहे. तुमची दोरी कंपनीच्या बाजूनं साक्ष देते आहे.”

 आप्पासाहेबांनी डोळे मिटले. सोनाजीनं हातातल्या शेवटच्या पांढऱ्या धाग्याकडे पाहिलं. बंध त्यानं काढले होते, त्याच्याच हातांनी. पण पुन्हा ते त्याचं म्हणणंच झालं. भोंगा वाजला, हुकूम आला, त्यानं...

भोंगा. लगोलग. बेस केलं. सांडूच्या दुकानातली साखर.

“मॅडम,” तो म्हणाला, आणि या वेळी दुभाष्यासाठी थांबला नाही, बोटीवरच्या इंग्रजीतच बोलला. कंपनीच्या कागदात लिहिलंय की भोंगा आणि नांगराचा हुकूम एकाच क्षणी दिला. आणि नांगर तीन मिनिटांनी पडला. व्हिडिओ अख्खा चाळीस सेकंदांचा आहे. तो लावा.

बाईनं तो पडद्यावर लावला.

सोनाजीनं तो कधीच पाहिलेला नव्हता. बघायचाही नव्हता. आता तो पापणी न हलवता बघत राहिला. ऊन, पांढरं जहाज, नाकाडावर ठिपक्याएवढा एक माणूस, तो स्वतः. जेटीवर निळ्या टोपीतला एक माणूस दोराची वाट बघत उभा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की जहाजाला ब्रेक नसतो, कारण त्याला ते माहीत होतं. ब्रेक नसलेलं जहाज कुणीतरी तपासून आणलं असेल, एवढ्याच भरवशावर तो तिथं उभा होता. नवव्या सेकंदाला भोंगा वाजला. तेराव्या सेकंदाला नांगर पाण्यात पडला.

बाईनं ते पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा.

“चार सेकंद,” ती म्हणाली. “बांधलेला नांगर चार सेकंदांत पडत नाही. मी तो सोडलेला आहे.” मग ती वकिलाकडे वळली. म्हणजे बंध सुटलेले होते, आणि तरी साखळी वाजली नव्हती. इंजिन बनवणाऱ्या कारखान्याकडे इंजिनाच्या प्रत्येक हालचालीची नोंद उपग्रहावरून जाते, ती कंपनीच्या वहीत नसते. एकतीसही तारखांची नोंद मला हवी आहे. आणि ही दोरी, मूळची, कुरिअरनं.

वकिलानं काहीतरी लिहून घेतलं. दुभाषी बाई प्रथमच कुणी न सांगता एक वाक्य बोलल्या, ते असं की छान झालं.

कॉल संपल्यावर घोटाळा मुंजाबानं केला. दोरी जाणार नाही, असं तो म्हणाला. तिच्या एका टोकाला त्याचा कळप होता. अकरा गाठी, दोनशे वीस मेंढरं, ती काय आगबोटीच्या लोकांना द्यायची? आप्पासाहेबांनी त्याला पुराव्याचा कायदा सांगितला. मुंजाबानं तो ऐकून घेतला आणि दोरी कमरेला खोचली.

मग तोडगा त्यानंच काढला. राजाबाईनं काळी लोकर आणली, वळली, आणि मुंजाबा आप्पासाहेबांच्या ओट्यावर बसून मूळ दोरी शेजारी ठेवून एकेक गाठ उतरवू लागला. अकरा गाठी कळपाच्या, मग बावीस गाठी आणि नऊ पांढरे धागे, त्याच क्रमानं, त्याच अंतरानं. तासभर लागला. मूळ दोरी बाईकडे जाणार, आणि ही नवी घरी राहणार, असं त्यानं जाहीर केलं. कळप वळवून दुसऱ्या दोरीवर घेतला होता, आता पहिलीशी त्याचं काम नव्हतं.

पण नक्कल बरोबर आहे, हे कुणी सांगायचं? आप्पासाहेब आत गेले आणि शिक्का घेऊन आले. आयुष्यात त्यांनी हजारो नकला खऱ्या असल्याच्या सह्या केल्या होत्या, आणि मूळ कागद क्वचितच उघडून पाहिला होता. आता ते पायरीवर बसले, दोन्ही दोऱ्या मांडीवर घेतल्या, आणि एकेक गाठ बोट लावून मोजली. मध्ये दुधवाला आला, तेव्हा चुकतील म्हणून पहिल्यापासून मोजली. मग एका कार्डावर लिहिलं: ‘मूळ दोरीबरहुकूम खरी. प्रत्यक्ष मोजून पाहिली.’ खाली सही केली, शिक्का मारला, आणि कार्ड नव्या दोरीला बांधलं.

‘समाधानकारक’ हा शब्द त्यांनी वापरला नाही. त्या रविवारी ते एसटीनं कन्नडच्या बाजारात जाऊन आले. किती लसूण आणला, हे त्यांच्या घरच्यांनी गल्लीत सांगितलं. फकिराशी काय बोलणं झालं, ते त्यांनी सांगितलं नाही.

निकाल अडीच महिन्यांनी आला. नांगर वेळेत सोडला गेला होता, आणि इंजिन उलटं फिरवून पाहिल्याची वहीतली नोंद खोटी होती. कंपनीच्या सातही जहाजांना यापुढं इंजिनाची नोंद यंत्रानंच करायची होती, आणि ती बंदराच्या लोकांनी पाहिल्याशिवाय आत शिरायचं नव्हतं. पहाटे जहाज थरथरलं की प्रवाशांच्या तक्रारी येतात म्हणून कप्तान ते टाळायचा, असं खानसामे बोलत. सोनाजीनं ते साक्षीत सांगितलं नव्हतं, कारण ते त्यानं पाहिलं नव्हतं. अहवालात ते पान चौदावर होतं. जेटीवरच्या माणसाला दोन मुली आहेत, हे पान तीनवर होतं. ते त्यानं मायला वाचून दाखवलं. राजाबाईनं ऐकलं आणि मान हलवली.

कारखान्याच्या नोंदीप्रमाणे इंजिन एकतीसपैकी दहा वेळा तपासलं नव्हतं. सोनाजीच्या दोरीवर नऊ पांढरे धागे होते. एका सकाळी समुद्र खवळलेला होता आणि साखळी नुसत्या लाटांनी वाजली होती. बाकी सगळी गल्ली पेढे खात असताना मुंजाबा मात्र दोन दिवस गप्प होता.

“एक हुकलंच तुझं,” तो शेवटी म्हणाला.

तात्यासाहेबांनी सोनाजीचे कागद पाकिटात घालून परत दिले. अभिनंदनही केलं. कंपनीनं तुझ्यावर राग धरलेला नाही, फक्त तुझं नाव यादीतून काढलं आहे, असं ते म्हणाले. टाकीतला मासा तसाच फिरत होता. त्यालाही ब्रेक नव्हता, पण त्याची टाकी लहान होती.

सोनाजीनं दुसऱ्या कंपन्यांचे फॉर्म मागवले. चार ठिकाणाहून उत्तर आलं नाही. पाचवा फॉर्म त्यानं हर्सुलात, सांडूच्या दुकानाच्या फळीवर ठेवून भरला. सांडू वाकून बघत होता आणि मागचं जहाज का सोडलं या रकान्यात ‘घरगुती कारण’ लिही, सगळे तसंच लिहितात, असं सांगत होता.

त्या रकान्याला दोन ओळींची जागा होती. सोनाजीनं तिथं ‘सोबतचा कागद पाहावा’ असं लिहिलं, आणि सांडूकडे कोऱ्या फुलस्केपचे तीन ताव मागितले.